पी५३ नव्वद टक्के पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे बाबांचं शरीर कॅन्सरशी लढतंय का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील एकसष्ट वर्षांचे, देवगडच्या बाजूचे, आयुष्यभर बिडी, बरेच दिवस खोकला, एक्सरेत डाग दिसला म्हणून आधी टीबीच्या गोळ्या झाल्या, मग सीटीत डाव्या फुप्फुसात गाठ दिसली, बायोप्सी झाली. रिपोर्टात लिहिलंय ॲडिनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार), टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह (ह्या दोन तपासण्यांतून प्रकार ठरतो), आणि खाली एक ओळ, पी५३ नव्वद टक्के पेशींत जोरदार पॉझिटिव्ह. तुम्ही नेटवर वाचलंत की पी५३ हे कॅन्सर रोखणारं प्रोटीन आहे, मग ते बाबांकडे नव्वद टक्के असताना गाठ एवढी भराभर का वाढतेय, आणि व्हॉट्सॲपवर आलेलं कोकम-हळदीच्या अर्काचं 'पी५३ वाढवणारं' कॅप्सूल चालू करू का. आणि शेवटी हळूच विचारलंयत, मला पण होईल का.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातच काम करतो. म्हणजे तुमच्या बाबांसारख्यांचा तुकडा आमच्याकडे येतो, मायक्रोस्कोपखाली बघून आजाराचं नाव आम्ही देतो, औषध मी देत नाही. कुठलं औषध, किती डोस हे तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवणार, आणि ते बाबांचं वय, वजन, किडनी, गाठ कुठे कुठे पसरलीय यावर ठरेल, त्यात मी इथून पडणार नाही. पण ती पी५३ ची ओळ आमच्यासारख्यांच्या टेबलावरूनच निघालेली असते आणि तिचा अर्थ कोणी समोर बसवून सांगत नाही म्हणून लोक रात्री मोबाइलवर शोधत बसतात, तेव्हा तेवढं तरी नीट सांगतो.

सरळ उत्तर आधी. नव्वद टक्के ही चांगली बातमी नाहीये. घाबरून जावं अशीही नाही, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे इतकं कॉमन आहे की आम्हाला त्यात नवल वाटत नाही. तो आकडा 'रक्षण करणारं प्रोटीन भरपूर आहे' असं सांगत नाही, 'बिघडलेलं प्रोटीन साठलंय' असं सांगतो. कॅप्सूल नको. आणि तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेलाच नाहीये, तो हा की बायोप्सीचा तुकडा पुढच्या जीन टेस्टला पुरेल एवढा शिल्लक आहे का, कारण बाबांचं औषध पी५३ वर नाही, त्या टेस्टवर ठरणार आहे.

आता का ते सांगतो, थोडं लांबेल.

आपल्या प्रत्येक पेशीत १७ नंबरच्या क्रोमोसोमवर टीपी५३ नावाचा जीन असतो, एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून. त्याच्यावरून हे पी५३ प्रोटीन बनतं, ३९३ अमिनो ॲसिडची साखळी, आणि अशा चार साखळ्या एकत्र येऊन डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात. ते स्वतः काही दुरुस्ती करत नाही. ते दुसरे जीन्स चालू करतं, म्हणूनच त्याला नियंत्रक म्हणतात. डीएनए तुटला की एटीएम नावाचं एन्झाइम खबर देतं, पी५३ जागं होतं, पी२१ नावाचा जीन चालू करतं आणि पी२१ पेशीचं विभाजन थांबवून धरतं. दुरुस्ती झाली तर पेशी पुढे जाते, नुकसान हाताबाहेर असेल तर पी५३ प्यूमा, बॅक्स असले जीन्स चालू करून पेशीला मरायला लावतं. पावसाळ्यात कोकण रेल्वे रुळांवर पेट्रोलमन ठेवते ना, रात्री कटिंगमधून बॅटरी घेऊन चालत जाणारे, दरड दिसली की गाडी थांबवायची, रूळ मोकळा झाला की सोडायची आणि अगदीच नाही जमलं तर गाडी रद्द, तसं काम आहे हे.

पण निरोगी पेशीत हे प्रोटीन बघायला गेलात तर जवळपास दिसतच नाही. कारण गरज नसताना ते साठू देणं पेशीला परवडत नाही. पी५३ स्वतःच एमडीएम२ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनचा जीन चालू करतं, आणि हे एमडीएम२ उलट पी५३ लाच पकडून मोडीत काढायला पाठवतं, अर्ध्या तासाच्या आत निम्मं पी५३ गायब. म्हणजे स्वतःला आवरणारा माणूस त्यानेच नेमलेला. आता समजा टीपी५३ मध्ये एका अक्षराचा बदल झाला आणि डीएनएला पकडायचा जो भाग असतो तोच वाकडा झाला. प्रोटीन बनतंय, पण डीएनएवर बसत नाही. बसत नाही म्हणून पी२१ चालू होत नाही, प्यूमा चालू होत नाही, आणि एमडीएम२ सुद्धा पुरेसं बनत नाही. मग ह्या वाकड्या पी५३ ला मोडणार कोण? ते केंद्रकात नुसतं साठत जातं. काचेवर रंग देऊन आम्ही जी तपासणी करतो (तिलाच आम्ही 'डाग' म्हणतो, एक्सरेतला डाग वेगळा) तीत जे दिसतं ते हेच साठलेलं.

काचेवर हे कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे रिपोर्टमधली ओळ डोळ्यासमोर येईल. तुकड्याचा तीन-चार मायक्रॉनचा काप काचेवर घेतात, पी५३ ला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात, ती जिथे चिकटते तिथे तपकिरी रंग येतो आणि बाकी केंद्रकं निळी राहतात. पी५३ धड असेल तर गाठीच्या पेशींत एक फिकट तपकिरी, तिच्या शेजारची निळी, मधेच एखादी गडद, असं विस्कळीत चित्र दिसतं. तुमच्या बाबांच्या काचेवर तसं नसणार, गाठीची जवळजवळ सगळी केंद्रकं एकसारखी गडद तपकिरी आणि त्यांच्या मधे अडकलेल्या साध्या लिम्फोसाइट, फायब्रोब्लास्ट पेशी निळ्या, फार तर एखादी फिकट तपकिरी. त्या निळ्या पेशी आम्ही मुद्दाम बघतो. सगळंच तपकिरी असेल तर रंगच जास्त चढलाय असा संशय येतो, शेजारच्या निरोगी पेशी निळ्या आणि गाठ तपकिरी असेल तर बिघाड गाठीतच आहे.

आणि अजून एक, हे बऱ्याच डॉक्टरांनाही पटकन लक्षात येत नाही. समजा तुमच्या शेजारच्या बेडवरच्या काकांचा रिपोर्ट 'पी५३ शून्य टक्के' आला, तर त्यांचं पी५३ चांगलं असं समजू नका. काही बिघाडांत जीन मधेच तुटतो, प्रोटीन अर्धवट बनतं किंवा बनतच नाही, मग गाठ पूर्ण निळी दिसते, आणि शेजारच्या साध्या पेशींत मात्र फिकट तपकिरी दिसतं. तो पण बिघाडच. म्हणजे शून्य आलं तरी वाईट, नव्वद आलं तरी वाईट, आणि मधलं विस्कळीत वीस-तीस टक्के हे बहुतेक वेळा धड. म्हणून मी स्वतः नुसते टक्के लिहीत नाही, 'म्युटंट पॅटर्न' की 'नॉर्मल पॅटर्न' असं लिहितो. टक्के वाचून माणूस शाळेच्या मार्कांसारखा विचार करतो, आणि त्यात त्याची काय चूक. डाग शंभर टक्के अचूकही नसतो, काही बिघाड त्यात दिसत नाहीत, नक्की काय ते जीनचं सिक्वेन्सिंग केल्यावरच कळतं.

तुम्ही जो तर्क लावलात ना, त्यात शास्त्रज्ञ पण अडकले होते, उलट्या बाजूने. पी५३ सापडलं १९७९ मध्ये, वेगवेगळ्या लॅबमध्ये जवळपास एकाच वेळी. गाठींच्या पेशींत ते भरपूर दिसत होतं, म्हणून जवळजवळ दहा वर्षं सगळे ह्याला कॅन्सर घडवणारं प्रोटीन समजत होते. लॅबमध्ये जे जीन वापरत होते तेच बिघडलेले निघाले. १९८९ च्या सुमाराला आतड्याच्या कॅन्सरवरच्या कामातून चित्र उलटलं, धड पी५३ कॅन्सर रोखतं आणि बिघडलेलं साठतं, आणि त्याच वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही टीपी५३ बिघडलेला असतो हे दाखवलं गेलं.

आता बिडी. तंबाखूच्या धुरात बेन्झोपायरीन नावाचं रसायन असतं, शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप होतं ते डीएनएमधल्या 'जी' अक्षराला जाऊन चिकटतं, आणि पेशी पुढची कॉपी काढताना तिथे 'जी' च्या जागी 'टी' वाचते. १९९६ मध्ये दाखवलं गेलं की टीपी५३ मध्ये हे रसायन मनाला येईल तिथे चिकटत नाही, १५७, २४८, २७३ अशा ठरावीक कोडॉनवर (जीनमधल्या तीन-तीन अक्षरांच्या गटांवर) जास्त चिकटतं, आणि बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या गाठींत बिघाड नेमके तिथेच जास्त सापडतात. धूर आणि कॅन्सर ह्यांचा संबंध आकडेवारीतून आधीपासून माहीत होता, ह्यात तर धुराच्या खुणाच जीनवर सापडल्या. 'बिडी नैसर्गिक, पानाची असते' हे आमच्याकडे अजून ऐकू येतं, पान तेंदूचं असलं तरी आत तंबाखू आणि धूर तोच, आणि फिल्टरही नाही. ज्या बायकांनी कधी बिडीला हात लावला नाही पण बंद घरात चुलीपुढे आयुष्य काढलं त्यांच्यातही हा आजार येतो, फक्त त्यांच्यात जीनमधले बिघाड बरेचदा वेगळे असतात, त्यावर पुढे येतो.

मग गाठ भराभर का वाढतेय. इथे एक गैरसमज काढून टाका, पी५३ बिघडलं म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला असं नाही. पेशीला वाढ म्हणून ढकलणारे दुसरेच असतात, ईजीएफआर, केरास, एएलके वगैरे. पी५३ गेल्यावर काय होतं तर तुटलेला डीएनए घेऊनच पेशी विभागत राहते. प्रत्येक विभाजनात क्रोमोसोमचे तुकडे इकडचे तिकडे, कधी सगळा संचच दुप्पट होतो आणि तरी पेशी मरत नाही. म्हणजे गाठीत एकसारख्या पेशी न राहता वेगवेगळ्या स्वभावाच्या तयार होतात, त्यातली एखादी रक्तवाहिनीत शिरण्यात पटाईत, एखादी औषध पचवण्यात. टीपी५३ चा बिघाड बहुतेक वेळा फार आधी, गाठीच्या अगदी सुरुवातीलाच झालेला असतो, इंग्लंडमधल्या ट्रेसरएक्स अभ्यासात २०१७ ला हेच दिसलं, तो बिघाड जवळजवळ नेहमी गाठीच्या सगळ्या पेशींत सापडतो. म्हणजे गेल्या तीन-चार महिन्यांत बाबांनी काय खाल्लं, टीबीच्या गोळ्या का घेतल्या, ह्याने पी५३ बिघडलेलं नाही, ते कधीच झालेलं होतं. टीबीच्या गोळ्यांत वेळ गेला हे खरंय, कोकणातच काय सगळीकडे होतं, डाग दिसला की आधी टीबी, पण ते पुन्हा पुन्हा उगाळून आता हाती काही लागणार नाही.

सगळ्यांत चांगला पुरावा उंदरांवरून आलाय. उंदराच्या फुप्फुसात फक्त केरासचा बिघाड घातला तर बऱ्याचशा छोट्या, संथ, बऱ्यापैकी सभ्य दिसणाऱ्या गाठी होतात. त्याच उंदरात पी५३ पण काढून टाकलं की त्याच गाठी वाईट रूप घेतात, पेशी ओबडधोबड होतात, लिम्फ नोडमध्ये आणि यकृतात जातात. मग २०१० मध्ये दोन लॅबनी उलटा प्रयोग केला, गाठ झाल्यावर पी५३ परत चालू केलं. सगळ्यांना वाटलं होतं गाठ विरघळेल. झालं असं की गाठीतला जो भाग पुढे गेलेला, वाईट झालेला होता तेवढाच मागे आला, सुरुवातीच्या संथ गाठी तशाच्या तशा राहिल्या, कारण पी५३ ला जागं करणारा धोक्याचा इशारा त्या संथ पेशींत निघतच नव्हता. पी५३ नुसतं असून भागत नाही, त्याला बोलावणारं पण कोणीतरी लागतं. 'पी५३ वाढवा, कॅन्सर घालवा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग वाचायला दिला पाहिजे.

बिघडलेलं पी५३ नुसतं निकामी असतं की उलट पेशीला पसरायला मदतही करतं, ह्यावर अजून भांडण चालू आहे. काही लॅबमध्ये दिसलंय की वाकडं पी५३ दुसऱ्या प्रोटीन्सना चिकटून पेशीची हालचाल वाढवतं. अलीकडचे काही अभ्यास म्हणतात की तसं फारसं काही नाही, धड पी५३ गमावलं हेच मुख्य नुकसान. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. शिवाय चार साखळ्यांची जोडणी असते म्हटलं ना, त्यात एकदोन वाकड्या घुसल्या तरी उरलेल्या चांगल्यांचं काम बिघडतं, त्यामुळे एक प्रत धड असून उपयोग होत नाही, आणि बहुतेक गाठींत ती दुसरी प्रतही पुढे गळून पडते.

आता ते कॅप्सूल. मुळात बाबांच्या गाठीत 'पी५३ वाढवून' वाढणार काय, तर वाकडंच पी५३, ते आधीच नव्वद टक्के आहे. आणि एखादं औषध खरोखर धड पी५३ वाढवत असेल तर ते गाठीतच वाढवेल असं थोडंच आहे, ते रक्त बनवणाऱ्या निरोगी पेशींतही वाढवणार. एमडीएम२ काढून टाकलेले उंदीर जन्मच घेत नाहीत, पोटातच मरतात, कारण पी५३ ला आवरायला कोणी उरत नाही. एमडीएम२ अडवणारी खरी औषधं माणसांत तपासली गेली तेव्हा प्लेटलेट खाली येणं हा त्यांचा मोठा त्रास निघाला. म्हणजे पी५३ वाढवणं ही बिनधोक टॉनिकसारखी गोष्ट नाहीच.

कोकमाचं म्हणाल तर त्यात गार्सिनॉल नावाचं द्रव्य आहे आणि त्यावर लॅबमध्ये काम झालंय हे खरं, ती अफवा नाही. पण गंमत अशी की २००४ मध्ये बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं ते हे की गार्सिनॉल पी३०० नावाच्या एन्झाइमला अडवतं, आणि हे पी३०० पी५३ वर असिटिल गट लावून त्याला कामाला लावणाऱ्यांपैकीच एक आहे. म्हणजे कागदावर विचार केला तर परिणाम कुठल्याही बाजूला जाऊ शकतो! डिशमधल्या पेशींवर जे चालतं ते पोटातून, यकृतातून जाऊन फुप्फुसापर्यंत त्याच प्रमाणात पोचतं असंही नाही. हळदीच्या कर्क्युमिनची अडचण तीच, पोटातून रक्तात फारच कमी उतरतं. सोलकढी बाबांना आवडत असेल तर खुशाल द्या, केमोने तोंड आलं असेल तर आंबट झोंबतं म्हणून तेवढे दिवस थांबा, पण औषध म्हणून अर्क नको. गोळीवाली टार्गेटेड थेरपी (गाठीतल्या ठरावीक जीनच्या बिघाडावरचं औषध) चालू झाली तर मग अर्क, काढे, चूर्ण काहीही घेताना डॉक्टरांना सांगून घ्या, ह्यातल्या बऱ्याच गोळ्या यकृतातल्या एकाच एन्झाइमवर मोडल्या जातात आणि भलत्या गोष्टींनी त्यांचं रक्तातलं प्रमाण वरखाली होतं. परसातलं पपनस पण त्या यादीत धरा, ते ग्रेपफ्रूटच्याच घराण्यातलं.

जाता जाता, दोडामार्गात हत्ती येतात म्हणून आपल्याकडे सगळे वैतागलेले असतात, पण ह्या विषयात हत्ती मोठा माणूस आहे. आपल्याकडे ह्या जीनच्या दोन प्रती, आफ्रिकन हत्तीत चाळीस मोजल्यात, आणि एवढं अवाढव्य अंग, एवढ्या पेशी असून हत्तीला कॅन्सर कमी होतो. त्याच्याकडे त्या जन्मापासून आहेत आणि सगळा कारभार त्याप्रमाणे जुळलेला आहे. बाहेरून पी५३ घालायचे प्रयत्न माणसांनी केले नाहीत असं नाही, चीनने २००३ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी व्हायरसमधून पी५३ जीन घालणारं इंजेक्शन मंजूर केलं, बाकी जगाने ते उचललं नाही. २२० नंबरच्या जागी होणाऱ्या एका ठरावीक बिघाडात वाकडं पी५३ सरळ करणारी गोळी ट्रायलमध्ये आहे, पण तो बिघाड मोजक्याच लोकांत असतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये नुसतं पी५३ बघून द्यायचं नेहमीच्या वापरातलं औषध सध्या नाही.

म्हणजे इथपर्यंतचं एवढंच: बाबांचं पी५३ बिघडलेलं आहे, ते खूप आधी बिघडलंय, त्यामुळे गाठ उनाड झालीय, आणि त्याच्यावर थेट मारा करायचं हत्यार आत्ता हातात नाही.

पण हत्यारं दुसरीकडे आहेत. ॲडिनोकार्सिनोमा आहे, तर ईजीएफआर, एएलके, आरओएस१ ह्या जीनच्या आणि पीडी-एल१ ची (हे प्रोटीन इम्युनोथेरपी ठरवायला बघतात) अशा टेस्ट झाल्याच पाहिजेत, शक्य असेल तर एनजीएस पॅनेल (एकाच वेळी बरेच जीन वाचणारी टेस्ट), म्हणजे केरास, ब्रॅफ वगैरे एकदमच कळतात. भारतात ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारात एक ते तीनात एक रुग्णाला ईजीएफआरचा बिघाड सापडतो. बिडी न ओढणाऱ्यांत, बायकांत जास्त, ओढणाऱ्यांत कमी, पण 'बिडीवाला आहे, नसणारच' असं म्हणून टेस्ट टाळायची नाही, असं टाळलेलं मी पाहिलंय आणि नंतर पॉझिटिव्ह निघालेलं पण पाहिलंय.

समजा ईजीएफआर पॉझिटिव्ह आला, तर तिथे मात्र पी५३ च्या त्या ओळीला थोडी किंमत येते. ईजीएफआर आणि टीपी५३ दोन्ही बिघडलेले असतील तर गोळी लागू पडते, पण सरासरीने तिचा परिणाम कमी काळ टिकतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून अशा लोकांत गोळीबरोबर केमो जोडायची का ही चर्चा होते. केमो जोडल्याचा फायदा आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलनेच मोठ्या ट्रायलमध्ये दाखवलाय, २०२० मध्ये छापून आलं, ३५० रुग्ण, नुसतं जेफिटिनिब (ईजीएफआरची गोळी) दिलं तर आजार साधारण ८ महिने आवरून राहिला, जेफिटिनिब आणि केमो दिली तर १६ महिने. गंभीर साइड इफेक्ट मात्र साधारण दुपटीने वाढले, ते लपवायचं नाही. नवीन गोळी ओसिमर्टिनिबबरोबर केमो जोडून झालेल्या फ्लॉरा-२ ट्रायलमध्ये निम्मे रुग्ण ४७.५ महिन्यांच्या पुढे जगले, नुसत्या गोळीवर ३७.६ महिने. हे आकडे सगळ्या ईजीएफआर रुग्णांचे आहेत, फक्त पी५३ बिघडलेल्यांचे नाहीत, आणि बाबांना केमो झेपेल का हे बाबांना समोर बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. ईजीएफआर आणि बाकी सगळं निगेटिव्ह आलं तर पीडी-एल१ बघून इम्युनोथेरपी, केमो असा रस्ता असतो, खर्चाचं गणित तिथे फार येतं, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा. टीपी५३ बरोबर आरबी१ (कॅन्सर रोखणारा आणखी एक जीन) पण बिघडलेला असेल आणि ईजीएफआरची गोळी चालू असेल तर काही रुग्णांत पुढे गाठ चक्क रूप बदलते, स्मॉल सेल कार्सिनोमा होते, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा वेगळाच प्रकार, त्याचं औषध वेगळं. स्मॉल सेलमध्ये तर हे दोन्ही जीन जवळजवळ प्रत्येक गाठीत बिघडलेले असतात. म्हणून गोळी चालेनाशी झाली की नुसती दुसरी गोळी बदलून बघण्यापेक्षा परत बायोप्सी केलेली बरी. लोकांना परत सुई नको असते, समजतं, पण रक्तातून होणारी टेस्ट रूप बदलल्याचं दाखवत नाही. रक्ताच्या टेस्टची आणखी एक गोम, वयस्कर माणसाच्या रक्तात टीपी५३ चा बिघाड सापडला तर तो गाठीतूनच आलेला असेल असं नाही, वयामुळे रक्ताच्या पेशींतही असे बिघाड होतात. तेव्हा तिथे टीपी५३ लिहिलेलं बघून दचकू नका.

तुम्हाला होईल का. बाबांच्या गाठीतला टीपी५३ चा बिघाड हा जवळजवळ नक्की त्यांच्या फुप्फुसात, धुराने, आयुष्यात कधीतरी झालेला आहे, तो तुमच्यात उतरत नाही. जन्मजात टीपी५३ बिघाड असतो, त्याला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात, पण ती घरं वेगळी दिसतात, लहान मुलांत हाडाचे-स्नायूंचे सार्कोमा, मेंदूच्या गाठी, तिशीच्या आसपास ब्रेस्ट कॅन्सर, एकाच घरात अनेक जणांना. तुमच्या घरात असं काही असेल तर जेनेटिक काउन्सेलिंग घ्या, नसेल तर तुमची स्वतःची टीपी५३ टेस्ट करायची काही गरज नाही. तुम्ही ओढता की नाही हे लिहिलं नाहीत. ओढत असाल तर तुमच्या फुप्फुसात त्या १५७ आणि २४८ च्या जागांवर रोज काय चिकटतंय ते वर वाचलंतच.

आता कामाचं. सीटीवर सुईने काढलेले तुकडे एखाद-दीड सेंटीमीटर लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे असतात, ते मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात आणि प्रत्येक डागासाठी त्यातून काप जातो. माझं स्पष्ट मत, बाबांच्या केसमध्ये पी५३ चा डाग करायचीच गरज नव्हती, टीटीएफ-१ आणि पी४० मध्ये निदान झालं होतं, तो काप ईजीएफआरसाठी वाचला असता. पी५३ आणि आरबीचा डाग कामाला येतो तो स्मॉल सेल की कार्सिनॉइड (दिसायला जवळची पण संथ वाढणारी गाठ) असा घोळ असताना. असो, झालं ते झालं.

जिथे बायोप्सी तपासली तिथे जाऊन 'ब्लॉक द्या' म्हणून लेखी मागा, नुसत्या स्लाइड किंवा रिपोर्टची झेरॉक्स घेऊन येऊ नका, जीन टेस्टला मेणाचा ब्लॉक लागतो, आणि तो रुग्णाला मिळतो. तुकडा काढल्यावर फॉर्मॅलिनमध्येच (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) टाकला होता ना हे पण विचारा, आमच्याकडे तालुक्याहून कधी सलाइनमध्ये बुडवलेला नमुना येतो, शनिवारी निघालेला सोमवारी पोचतो, त्यात डीएनए धड राहत नाही आणि मग टेस्ट फेल येते. ब्लॉक छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, वर नाव आणि बायोप्सी नंबर बघून घ्या, आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेण आहे ते, वितळतं. परळला टाटाला जाणार असाल तर तुतारीने दादरला उतरून जवळ पडतं, गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जाणार असाल तरी कागद तेच, मूळ रिपोर्ट, सीटीची सीडी, ब्लॉक, आधार, रेशनकार्ड. ब्लॉकमध्ये गाठीच्या पेशी किती उरल्यात ते तिथले पॅथॉलॉजिस्ट बघून सांगतील, कमी पडल्या तर ईजीएफआरपुरती रक्तातून टेस्ट करता येते, आणि तीत निगेटिव्ह आलं तर ते शेवटचं धरू नका, परत तुकडा घ्यावा लागेल का ते विचारा.